बादल्या तीन

पहिल्याच खड्ड्यात आई पडली.

मांडवात गणपतीपुढे सतरंजीवर दाटीवाटीनं बसलेली कॉलनीतली पोरं, मागे खुर्च्यांवर त्यांचे आईबाप, आणि मधोमध टेबलावर क्लबमधून उचलून आणलेला मोठा टीव्ही. त्या टीव्हीत डोक्यावर उलटी बादली घातलेला तो बुटका पोरगा तुरुतुरु धावत खड्ड्याच्या काठापर्यंत गेला आणि उडी न मारताच खाली दिसेनासा झाला. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

"काकू, अजून दोन जीव आहेत," निनाद म्हणाला. तो नववीतला, समोरच्या बिल्डिंगमधला. गेमची कॅसेट त्याचीच होती.

"बघतेच मेल्याकडे," आई म्हणाली. तिनं पदर खोचला, रिमोट मांडीवर नीट धरला आणि पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तोच खड्डा, पुन्हा तो तसाच गेला. तिसऱ्या खेपेला तिनं बटण फार आधी दाबलं. बादल्यानं उडी मारली, खड्ड्याच्या अलीकडेच उतरला आणि मग चालत चालत आत पडला, म्हातारा माणूस विहिरीच्या पायऱ्या उतरतो तसा.

"स्वतःच्या पायांनी गेला हो!" आई म्हणाली आणि सगळा मांडव हसला. तीही हसली. मला हसू आलं नाही. मी सहावीत होते, आणि माझी आई पहिल्या खड्ड्यात पडणाऱ्यांतली नव्हती.

बादल्या हे नाव आम्हीच ठेवलेलं. कॅसेटवर जपानी की चिनी, कसलीतरी अक्षरं होती, ती कुणाला वाचता येत नव्हती. मग डोक्यावर बादली म्हणून बादल्या. पहिल्या भागात तो नुसता पळायचा, उड्या मारायचा. दुसऱ्या भागात बादली उलटी करून तिच्यात बसायचा आणि नदी पार करायचा. बाबांनी भुसावळच्या बाजारातून तो गेम माझ्यासाठी आणला होता, पण शिकली आई. दुपारी ओटा आवरला की ती एक पाय दुमडून टीव्हीसमोर बसायची. आमची कॉलनी वीज केंद्राची, त्यामुळे गावात अंधार असला तरी आमचे दिवे कधी जात नसत. गावातली पोरंसुद्धा सायकली मारत आमच्या दारात यायची आणि चपला काढून रांगेत बसायची. फिरके काकूंचा खेळ बघायला.

आणि खेळायचीही ती तशीच. बादल्या दोनच्या शेवटी एक जाडा खेकडा यायचा, त्याचं नाव तिनं चीफ इंजिनिअर ठेवलं होतं. "या साहेब, या," असं म्हणत ती त्याच्या डोक्यावरून अशी उडी मारायची की पोरं टाळ्या पिटायची. मधेच कुकरची शिट्टी झाली तर नजर न हलवता मला म्हणायची, "केतकी, गॅस बारीक कर गं, साहेब आलेत."

कॉलनीतल्या बायका बोलायच्या. बोलणारच. "वासंतीताईंचं बरंय बाई, आम्हाला पोळ्यांतून सुटका नाही," सपकाळे काकू म्हणायच्या. आई म्हणायची, "पोळ्या मीपण करते. तुमच्यापेक्षा लवकर होतात एवढंच." पण ते तिला लागायचं. म्हणून त्या वर्षी गणेश मंडळाच्या बऱ्हाटे काकांनी चमचा-लिंबू आणि संगीत खुर्चीच्या जोडीला पहिल्यांदाच व्हिडिओ गेमची स्पर्धा ठेवली, आणि तीही खुल्या गटात, तेव्हा पहिलं नाव आईनं स्वतः जाऊन दिलं. तिला ती जिंकायची होती. सगळ्यांसमोर, त्या बायकांसमोर, माइकवरून नाव पुकारलेलं ऐकायचं होतं. मला तर तिच्याहून जास्त.

पोरांनी तक्रार केली. काकूंना जुना बादल्या पाठ आहे, मग स्पर्धा कसली? तेवढ्यात निनादच्या मामानं मुंबईहून बादल्या तीन आणला. हा तिसरा भाग येणार, येणार म्हणून आम्ही वर्षभर वाट पाहत होतो. त्यात बादल्या उडतो, बादलीतून पाऊस पाडतो, काय काय ऐकलं होतं. ठरलं, नव्यावरच खेळायचं. सगळ्यांना सारखंच नवीन.

आणि तो असा निघाला.

आईनंतर पोरं एकेक करून बसली. तीही पडली. दोन-तीनदा पडून मग काही जणांना जमलं, निनाद तर बराच पुढे गेला, पण चेहऱ्यावर त्याच्याही आनंद नव्हता. उडायचं नाव नाही, पाऊस नाही. तेच चार सूर पिपाणीसारखे वाजत होते. चार टप्पे झाले की गेम पुन्हा पहिल्यावर यायचा, पुढे काही नाहीच.

"हा बादल्याच नाहीये," निनाद रडवेला होऊन म्हणाला. "दुसऱ्याच कुठल्यातरी गेममधल्या माणसाच्या डोक्यावर बादली चिकटवलीये कुणीतरी. बघा ना, बादली मानेला लागतसुद्धा नाही."

खरंच लागत नव्हती. मधे एक फट दिसत होती.

"आणि बटण दाबलं की लगेच उडी मारत नाही," दुसरा एक जण म्हणाला.

"तेच तर!" आई म्हणाली. "आधी विचार करतो, घरी विचारून येतो, मग मारतो."

बऱ्हाटे काकांनी माइक हातात घेतला. "तांत्रिक कारणास्तव," ते म्हणाले, आणि हा शब्द त्यांना इतका आवडला की पुन्हा म्हणाले, "तांत्रिक कारणास्तव आजची स्पर्धा रद्द करण्यात येत आहे. विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी हीच स्पर्धा जुन्या बादल्यावर होईल. फिरके वहिनी, तुमचीच कॅसेट आणा बरं का!"

मी आनंदानं उडीच मारली. आईकडे बघितलं तर ती चपला शोधत होती.

घरी जाताना मी त्या गेमला तोंडाला येईल ते बोलत होते. आई प्रत्येक वाक्याला हो म्हणत होती. भिकार आहे. हो गं, भिकारच. कुणीही पडेल त्यात. कुणीही पडेल. तिला माझ्याशी इतकं एकमत व्हायची सवय नव्हती, पण ते मला तेव्हा जाणवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेथी निवडताना ती सहज बोलल्यासारखं म्हणाली, "बऱ्हाटे काकांना सांग, माझं नाव काढा म्हणावं."

"का?"

"पोरांच्यात मी घोडी कशाला? खेळू दे त्यांना."

"आई, जुन्यावर आहे! तू जिंकणारच आहेस!"

"म्हणूनच. मजा काय त्यात?"

"तूच म्हणाली होतीस, सपकाळे काकूंचं तोंड बघायचंय."

"बघितलं काल. काही खास नाही."

मला राग आला. मी म्हटलं, "घाबरलीस तू." ती मेथीची पानं आणि काड्या एकाच ताटात टाकत राहिली, आणि मी तणतणत शाळेत गेले.

गणपतीमुळे शाळा लवकर सुटली. जिन्यातच मला बादल्या दोनचं संगीत ऐकू आलं. मला वाटलं, सराव करतेय, मग तर नाव काढायचं ते सगळं नाटक! मी दप्तर पायरीवर ठेवलं आणि मागच्या दारानं स्वयंपाकघरात शिरले, तिला घाबरवायला.

संगीत सुरू व्हायचं आणि तुटायचं. पडल्यावर वाजायची ती उतरती धून वाजायची, आणि पुन्हा पहिल्यापासून. मी दाराच्या चौकटीत उभी राहिले. आई नेहमीसारखी एक पाय दुमडून बसली होती. पडद्यावर जुना, आमचा, खरा बादल्या धावत होता. बादली मानेला नीट चिकटलेली. खड्डा आला. आईचा डोळा बरोबर होता, खड्ड्याच्या आधीच तिची मान वर गेली, ओठ आवळले गेले. अंगठा मात्र नंतर हलला. बादल्या पडला.

मग तिनं डाव्या हातानं उजव्या हाताचा अंगठा धरला आणि तोच बटणावर दाबून बघितला. बादल्या पडला.

ती तशीच बसून राहिली. उजवा हात मांडीवर होता आणि त्याचा अंगठा आपल्या आपण हलत होता, बारीक, जपमाळेचे मणी ओढावेत तसा. गेम थांबलेला होता. ती काहीच दाबत नव्हती, तरी हलत होता.

मी आत गेले. तिनं झटकन हात पदराखाली घेतला.

"कधी आलीस?"

"आई, तुझा हात—"

"अवघडलाय. लाटून लाटून अवघडतो."

"तू जुन्यात पडलीस."

ती टीव्हीकडे बघत होती. मग म्हणाली, "दार लाव."

मी दार लावलं. तिनं हात बाहेर काढला आणि आम्ही दोघींनी त्याच्याकडे बघितलं, जसं काही तिसरंच कुणी घरात येऊन बसलंय.

"सांगितलेलं ऐकतो," ती म्हणाली. "पण उशिरा ऐकतो. संक्रांतीपासून. आधी वाटलं थंडीनं असेल. मग उन्हाळाही गेला."

जूनपासून ती माझ्या दोनऐवजी एकच वेणी घालत होती. 'मोठी झालीस आता,' म्हणाली होती. चहा कपबशीतनं बंद होऊन स्टीलच्या पेल्यातनं यायला लागला होता. मला ते सगळं त्याच क्षणी आठवलं, आणि आठवलं नसतं तर बरं, असं वाटलं.

"काल सगळ्यांसमोर मी मरायला टेकले होते गं," ती म्हणाली आणि एकदम हसली. "बादल्या तीन किती गुणाचा! इतका भिकार निघाला, इतका भिकार, की सगळेच पडले. कुणाला शंका आली नाही."

"बाबांना सांगू या."

"सांगणार आहे. गणपती जाऊ देत. मग मी स्वतः सांगते."

"आत्ता का नाही?"

"केतकी," ती म्हणाली, "तीन दिवस. त्यांना कळलं की लगेच डॉक्टर, मुंबई, तपासण्या. मग ह्या घरात दुसरं काही बोललं जाणार नाही. तीन दिवस मला राहू दे. तू सांगणार नाहीस. मला माहितीये."

तिनं शपथ घातली असती तर सोपं गेलं असतं.

मी बऱ्हाटे काकांकडे जाऊन आईचं नाव काढून आले. ते म्हणाले, "अगं, पण का?" मी म्हटलं, "तांत्रिक कारण." ते इतके हसले की पुढचं विचारायचं विसरले.

पण ते आणि बाबा एकाच शिफ्टला होते.

स्पर्धेच्या दिवशी दुपारी बाबा घरी आले, पायमोजे काढता काढताच दारातून म्हणाले, "काय हो फिरकेबाई, पळपुटेपणा करताय म्हणे?"

आई पाणी घेऊन आली. पेला तिनं डाव्या हातात धरला होता. "कंटाळा आला हो त्या खेळाचा. नवा भाग एवढा वाईट निघाला, मनच उडालं."

"नव्यावरचा राग जुन्यावर कशाला? मी नाव परत दिलं तुझं. बऱ्हाटेला म्हटलं, आमची बाई येणार म्हणजे येणार."

"अहो, मी नाही म्हणते ना."

"नखरे बघ हिचे, केतकी! बोल, किती आग्रह करायचा?" त्यांनी स्वतः कॅसेट लावली, तिच्या खांद्याला धरून तिला टीव्हीपुढे बसवलं आणि रिमोट तिच्या हातात दिला. "चल, एकदा साहेबांच्या डोक्यावरून उडी मारून दाखव. जेवण नंतर."

बाबा फार मजेत होते. बोनस जाहीर झाला होता की काय, आठवत नाही. ते मजेत असले की घर मोठं वाटायचं. आईनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि खेळायला लागली.

बादल्या पडला.

"अरेच्चा!" बाबा म्हणाले.

पुन्हा पडला.

"ह्या बटणाचं काहीतरी झालंय," आई म्हणाली. आवाज अगदी साधा होता.

"आण इकडे."

आता हे बाबांचं खास क्षेत्र. वीज केंद्रात ते इन्स्ट्रुमेंटवाले होते. कुठला काटा वेडंवाकडं दाखवायला लागला की त्यांना बोलवायचे, आणि बॉयलरवर संशय घेण्याआधी मीटर तपासा, हे ते घरातसुद्धा ऐकवायचे. त्यांनी वर्तमानपत्र पसरलं, बारका स्क्रू ड्रायव्हर आणला, रिमोट उघडला. बटणाखालचं रबर काढून उजेडात धरलं.

"कार्बन झिजलाय जरा. वापर किती आहे याचा!" त्यांनी कौतुकानं आईकडे बघितलं. कापसावर स्पिरिट घेऊन रबर पुसलं, पट्टी पुसली, फुंकर घातली, स्क्रू बसवले. "हं. आता बघ."

आई खेळली. बादल्या पडला.

"थांब थांब. अजून फॉल्ट आहे." त्यांनी पुन्हा स्क्रू काढले. या वेळी वायर तपासली. ती दोन्ही टोकांना ओढून बघितली. पेन्सिलचं शिसं खरवडून त्याची पूड बोटानं रबरावर चोळली, इतकी हळुवार, की मला बघवेना. "आपल्याकडे हल्ली माल असाच येतो," ते पुटपुटत होते. "काय बिशाद आहे तुझी, माझ्या बायकोला हरवतोस! बघतोच तुला."

आई खिडकीबाहेर बघत होती. मांडवात कुणीतरी माइक तपासत होतं. हॅलो, हॅलो, एक दोन तीन. संध्याकाळी तिला तिथे बसावं लागणार होतं. बाबा तिला घेऊन जाणार होते, पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवणार होते, आणि आज सगळे पडणार नव्हते.

बाबांनी तिसऱ्यांदा रिमोट जोडला. "घे," म्हणाले. "आता नाही झालं तर नाव बदलेन."

आईनं हात पुढे केला.

"बाबा, बटण नीट आहे," मी म्हणाले.

"नीट कसं असेल? बघतेस ना, दाबलं तरी—"

"बटणात काही नाही बाबा."

ते माझ्याकडे बघून हसले, आणि मग हळूहळू हसायचे थांबले. त्यांनी आईच्या पुढे केलेल्या हाताकडे पाहिलं. तो हवेतच होता. तिनं तो मागे घेतला नाही. तिचा अंगठा हलत होता.

बाबांनी रिमोट खाली ठेवला. स्क्रू ड्रायव्हर उचलला, तोही ठेवला. मग दोन्ही हातांनी तिचा तो हात धरला, घट्ट नाही, एखाद्या यंत्रावर हात ठेवून आतली धडधड ऐकतात तसा. बराच वेळ धरून बसले.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

आई माझ्याकडे वळून म्हणाली, "उद्या गणपती जाणार होते गं."

त्या संध्याकाळी स्पर्धा झाली. निनाद जिंकला. आम्ही तिघं घरी बसून माइकवरून ऐकलं. विसर्जनानंतरच्या सोमवारी आम्ही मुंबईला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी आईला चालायला लावलं, टाळी वाजवायला लावली, अंगठा आणि बोट एकमेकांवर आपटायला लावलं, आणि मग एक नाव सांगितलं. एवढ्या लहान वयात हा आजार क्वचितच होतो, म्हणाले. आई छत्तीस वर्षांची होती. बाबांनी विचारलं, "आधी आणलं असतं तर?" डॉक्टर म्हणाले, "फार फरक पडला नसता. सहा महिने आधी, सहा महिने नंतर, औषध तेच." मला वाटतं, बाबांना त्यानं दिलासा मिळाला. मला मिळाला नाही.

आईचं म्हणणं खरं ठरलं. त्यानंतर आमच्या घरात दुसरं काही फारसं बोललं गेलं नाही. गोळ्यांच्या वेळा, जिन्याचा कठडा, कोण येऊन गेलं, कुणी कुठला वैद्य सांगितला. सपकाळे काकू रोज पोळ्या करून आणून द्यायच्या. चांगल्या असायच्या. आई त्या मुकाट्यानं खायची.

पुढे किती वर्षं मला हे तिला विचारायचं होतं. गेल्या साली विचारलं. ती माझ्याकडे राहायला आली होती. माझी लेक नुकतीच मऊ भाताला लागली होती, आणि आईलाही आता तेच चालतं. एकाच वाटीतून मी दोघींना भरवत होते. लेकीला एक घास, आईला एक. लेक झोपेला आली, तिला खांद्यावर टाकलं आणि उरलेला भात आईला भरवताना म्हटलं, "आई, मी तेव्हा थांबायला हवं होतं का? एकच तर दिवस उरला होता. काय बिघडलं असतं?"

तिचं बोलणं हल्ली फार हळू येतं. मला वाटलं, ऐकलं नाही. मी पुन्हा विचारणार, तोच म्हणाली, "काही नाही."

मी तिच्या हनुवटीवरचं शीत पुसलं.

"एक दिवस जास्त," ती म्हणाली, "मी नुसती... एका भिकार गेममध्ये... हरलेली बाई असते."

ती हसली असावी. तिचा चेहरा आता ते नीट दाखवत नाही. मी पुढचा घास चमच्यात घेतला आणि तिचं तोंड उघडेपर्यंत तसाच धरून थांबले.